थडगे कुणाचे? हॅलोविनच्या रात्रीचा थोडा इतिहास



२०२३ मध्ये २९ ऑक्टोबरच्या रविवारी, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर, आम्ही स्वयंसेवकांनी मुलांसाठी चर्चच्या हॉलमध्ये हॅलोविन साजरा केला. त्या दिवसाची कबुली आधी देतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

हट्ट मुलांचाच होता. शाळेत होतो, कॉलनीत होतो, मॉलमध्ये तर आठ-दहा दिवस आधीपासून सुरू असतो, मग आपल्याकडेच का नाही? आम्ही हो म्हटले. राजवाड्याच्या बाजारात जाऊन काळा क्रेप कागद, कापूस आणि रबरी मुखवटे आणले. खजुरी बाजारातून पुठ्ठे आणले. कापूस ताणून ताणून कोळ्याची जाळी केली, जुन्या चादरींना डोळ्यांपुरती भोके पाडून भुते केली, आणि पुठ्ठ्याची पाच थडगी कापून, त्यांना राखाडी रंग देऊन, हॉलच्या दाराशी ओळीने उभी केली. त्यांवर गमतीची नावे लिहिली. मुले खूश होती. आम्हीही होतो, खोटे कशाला बोला.

दुपारी नातीला न्यायला एक आजी आल्या. ऑगस्टात त्यांचे यजमान गेले होते. त्या दिवशी दफनभूमीत खुर्च्या मांडणारे, शवपेटीला खांदा देणारे आम्हीच होतो. आजी दारातल्या पहिल्या थडग्यापाशी थांबल्या, चष्मा सारखा करून नाव वाचायचा प्रयत्न केला आणि विचारले, "हे कुणाचं रे बाळांनो?"

आम्ही म्हणालो, "कुणाचंच नाही आजी. गंमत म्हणून केलंय."

"असं होय," म्हणाल्या आणि नातीचा हात धरून निघाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर आम्हाला सोपे गेले असते.

पुढच्या आठवड्यात बैठकीत वाद झाला. एका गटाचे म्हणणे, हा सैतानाचा सण आहे, मुळात मूर्तिपूजकांचा, तो चर्चच्या आवारात नकोच. दुसऱ्या गटाचे म्हणणे, मुलांचा खेळ आहे, अमेरिकेतून आलेली एक फॅशन, तिचा एवढा बाऊ कशाला? दोन्ही गटांचा आवाज मोठा होता. फादरांनी शेवटी एवढेच म्हटले, "तुमच्यापैकी कुणी याचा इतिहास वाचलाय का?" कुणीच वाचला नव्हता. म्हणून हे वर्षभर आम्ही वाचत राहिलो. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवत आहोत.

पहिली गोष्ट शब्दाची. हॅलोविन म्हटले की डोळ्यांपुढे दात विचकणारा भोपळा येतो. पण त्या शब्दात भोपळाही नाही आणि भूतही नाही. जुन्या इंग्रजीत 'हॅलो' म्हणजे पवित्र माणूस, संत. प्रभूची प्रार्थना इंग्रजीत म्हणताना देवाच्या नावाच्या पवित्रतेसाठी जो शब्द येतो, तो याच कुळातला. आणि शेवटचे 'ईन' म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. नाताळची पूर्वसंध्या आपण जशी पाळतो, तशी ही संतांच्या सणाची पूर्वसंध्या. आमच्यातल्या निम्म्या लोकांना हेच ठाऊक नव्हते, आणि त्यात धर्मशिक्षण देणारेही होते.

सण आला कुठून? पहिल्या शतकांत प्रत्येक रक्तसाक्षीचा वेगळा दिवस असे. ज्या गावात त्याने प्राण दिला, तिथे त्याच्या थडग्यापाशी त्या तारखेला लोक जमत. पुढे रोमन सम्राटांच्या छळात मरणारे इतके झाले की वर्षाचे दिवस पुरेनात. कित्येकांची तर नावेही कुणाला माहीत नव्हती. तेव्हा सर्वांसाठी मिळून एक दिवस ठेवावा ही कल्पना रुजली. इ.स. ६०९ मध्ये १३ मे रोजी पोप बोनिफेस चौथे यांनी रोममधले पँथिऑन, म्हणजे सगळ्या देवांचे म्हणून ओळखले जाणारे जुने देऊळ, पवित्र मरिया आणि सर्व रक्तसाक्षी यांच्या नावे अर्पण केले. आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांसाठी एक चॅपल उभारले. नवव्या शतकात, इ.स. ८३५ मध्ये, पोप ग्रेगरी चौथे यांच्या आग्रहावरून सम्राट लुई यांनी आपल्या राज्यभर १ नोव्हेंबरला हा सण पाळण्याची आज्ञा केली.

मग मूर्तिपूजकांचे काय? आयर्लंडमध्ये याच सुमारास 'साऊन' नावाचा ऋतुबदलाचा दिवस असे हे खरे. उन्हाळा संपे, गुरे डोंगरावरून खाली येत, आणि जुन्या आयरिश कथांत त्या रात्री दुसऱ्या जगाची दारे किलकिली होत. पण त्या कथा लिहून ठेवल्या त्या ख्रिस्ती मठवासीयांनी, कित्येक शतकांनी. शिवाय आयर्लंडची ख्रिस्तसभा सुरुवातीला सर्व संतांचा सण एप्रिलात पाळत असे. म्हणजे रोमने आयरिश सणावर आपला सण नेऊन बसवला, हे जे सगळीकडे ठासून सांगितले जाते, ते इतके सरळ नाही. शेकोट्या, भविष्य पाहण्याचे खेळ, रात्रीची भीती हे सगळे लोकांच्या घरातून आले आणि सणात मिसळले. आपल्याकडच्या कोणत्या सणात असे मिसळलेले नाही?

सर्व संतांच्या पाठोपाठ आला मृतांचा दिवस. क्लुनी या फ्रान्समधल्या मठाचे प्रमुख संत ओडिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांना सांगितले, की संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांसाठी प्रार्थना करा. जे स्वर्गात पोहोचले त्यांचा सण झाला, आता जे अजून वाटेत आहेत त्यांची आठवण. ही चाल मठामठातून युरोपभर गेली. मृतांसाठी प्रार्थना करण्याची कल्पना अर्थात त्याहून जुनी आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदा रणात पडलेल्या आपल्या सैनिकांसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो, तो प्रसंग आठवावा.

आता आम्हाला सगळ्यात आवडलेला भाग. मध्ययुगात इंग्लंडच्या गावोगावी या दिवसांत घरोघरी छोट्या गोल पोळ्या भाजल्या जात. त्यांना 'सोल केक' म्हणत, आत्म्यांच्या पोळ्या म्हणा हवे तर. गरीब माणसे आणि मुले दारोदार फिरत, गाणे म्हणत, पोळी मागत, आणि त्या बदल्यात त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचे कबूल करत. आज दारावर येऊन गोळ्या मागणाऱ्या मुलांचे नाते इतिहासकार या चालीशी जोडतात. म्हणजे मूळ देवघेव अशी: तू मला खायला दे, मी तुझ्या माणसाची आठवण देवापुढे ठेवतो. पोळी घेणाऱ्याला ते घर कुणाला मुकले आहे याची खबर ठेवावी लागे. आम्ही हॉलच्या दारात पाच थडगी उभी केली, आणि कुणाचे म्हणून विचारल्यावर आमच्याकडे एकही नाव नव्हते.

पुढची कथा लवकर सांगता येईल. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेच्या लाटेत शुद्धिस्थानाची शिकवणच नाकारली गेली. (मार्टिन ल्यूथर यांच्या ९५ प्रबंधांची तारीखही ३१ ऑक्टोबरच, १५१७. निवडलेली तारीख पाहून त्यांनाही सणाला जमणारी गर्दी ठाऊक असावी असे वाटते.) त्या रात्री मृतांसाठी घंटा वाजवायला बंदी आली. प्रार्थना गेली, पण पोळ्या, शेकोट्या, वेष पालटून दारोदार हिंडणे हे गावांत टिकून राहिले, विशेषतः स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये. तिथली मुले तोंडाला काजळी फासून फिरत आणि शलजम पोखरून त्यात दिवा ठेवत. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेयो परगण्यातल्या शाखेत अशा एका शलजमाच्या कंदिलाचा ठसा ठेवलेला आहे. त्याचे चित्र आम्ही मुलांना दाखवले. बाजारातला कुठलाही रबरी मुखवटा त्याच्यापुढे बापुडवाणा वाटतो.

१८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले, दुष्काळ पडला आणि लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले. तिथे शलजमापेक्षा मोठा, मऊ आणि स्वस्त भोपळा मिळाला, आणि कंदील भोपळ्याचा झाला. खोड्याही वाढल्या, इतक्या की १९२० मध्ये मिनेसोटातल्या अनोका गावाने पोरांना गुंतवून ठेवायला त्या रात्री मिरवणूकच काढली. खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, हे जे इंग्रजीतले प्रसिद्ध वाक्य आहे, ते १९२०च्या दशकात कॅनडाच्या वर्तमानपत्रांत दिसू लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर साखरेवरचे निर्बंध उठले आणि गोळ्या-चॉकलेटांच्या कंपन्यांनी ती रात्र उचलली. आणि गंमत पाहा, १९५५ मध्ये धार्मिक दिनदर्शिका सुटसुटीत करताना रोमने सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या यादीतून काढून टाकली. ज्या काळात दुकाने ती संध्याकाळ भरत होती, त्याच काळात आपण ती रिकामी केली. दुकानदारांना दोष देणाऱ्या आमच्या पहिल्या गटाला हे वाचून दाखवले, तेव्हा बैठकीत जरा शांतता पसरली.

इथपर्यंत सगळे सातासमुद्रापलीकडचे. पण आम्ही इंदूरचे. आमच्या भागात मृतांच्या दिवसांत मुले काय करतात, हे पाहायला आयर्लंडला जायची गरज नाही.

भाद्रपदी पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत, म्हणजे ऐन पितृपक्षात, माळव्यातल्या मुली सांझा मांडतात. घराच्या बाहेरच्या भिंतीवर रोज संध्याकाळी शेणाने आकृती काढायची, गुलतेवडीच्या आणि मिळतील त्या फुलांनी आणि चमकीच्या कागदाने ती सजवायची, आरती करायची, गाणी म्हणत या घरातून त्या घरात जायचे, प्रसाद वाटायचा. कधी चंद्र-सूर्य, कधी स्वस्तिक, आणि अखेरीस सगळ्यांना पोटात घेणारा मोठा किलाकोट. आमच्यातल्या बऱ्याच जणी ख्रिस्ती घरात वाढल्या तरी शेजारच्या मैत्रिणींबरोबर सांझ्याची फुले तोडायला गेलेल्या आहेत. आत घरात मोठी माणसे पितरांची तिथी करतात, बाहेर भिंतीवर पोरी गाणी म्हणत चित्रे काढतात. एकाच घराची एकच संध्याकाळ. आणि तिथेही तेच झाले आहे: हल्ली बाजारात सांझ्याचे छापील कागद मिळतात. आणायचा, चिकटवायचा, झाले. हाताला शेण नाही लागत.

वेष पालटण्याचेही आपल्याला वावडे नाही. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून रात्र रात्र सोंगे नाचतात. आमच्या राजवाड्यापुढे रंगपंचमीला गेर निघते, तेव्हा गुलालाने माखलेल्या गर्दीत सख्ख्या भावाला ओळखायची पंचाईत. भोपळा तर आपल्या बालपणापासूनचा सोबती. लेकीच्या घरून परतताना भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी ज्याला माहीत नाही असा मराठी मुलगा सापडायचा नाही. तो लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा, हे मात्र आम्हाला याच वर्षी कळले.

आणि थडगी सजवण्याचे म्हणाल, तर ते मराठी ख्रिस्ती माणसाला कुणी शिकवायला नको. २ नोव्हेंबरला वसईच्या कुठल्याही धर्मग्रामात जाऊन पाहा. आदल्या दिवसांत थडगी धुऊन, चुना लावून ठेवलेली असतात. झेंडूच्या आणि शेवंतीच्या फुलांनी क्रूस भरलेले असतात, संध्याकाळी मेणबत्त्यांनी सगळी दफनभूमी उजळते, धर्मगुरू थडग्याथडग्यावर पवित्र पाणी शिंपडत जातात, आणि मुले वितळलेल्या मेणाचे गोळे करत बसतात. ज्या मल्हारराव होळकरांनी १७४७ मध्ये आमच्या राजवाड्याचे बांधकाम सुरू केले, ते १७३९च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांबरोबर होते. वसईचे राज्य बदलले, चर्चच्या घंटा देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा तर आजही पाहता येते. पण तिथल्या ख्रिस्ती घरांनी आपल्या मृतांच्या थडग्यांवर फुले वाहणे सोडले नाही.

राजवाड्याचा विषय निघालाच आहे, तर या तारखेबद्दल बोलल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही.

सात मजल्यांचा हा वाडा. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे, आणि म्हणून तीनदा आगीत सापडलेला: १८०१, १९०८ आणि १९८४. पहिल्या दोन आगी इतिहासाच्या पुस्तकातल्या. तिसरी आमच्यातल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांतली. १९८४ मध्ये ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनच्याच दिवशी, सकाळी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर देशात अनेक ठिकाणी शीख बांधवांवर जमाव तुटून पडले. इंदूरही त्यात होते. दुकाने जळाली, माणसे मारली गेली, आणि त्या दंगलीच्या आगीत राजवाड्याचा मागचा भाग खाक झाला. पुढचा सातमजली दरवाजा तेवढा उभा राहिला. पुढे २००६-०७च्या सुमारास उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने मागचा भाग जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधला गेला. आज पर्यटक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात.

आमच्या धर्मग्रामातले एक काका त्या वेळी तरुण होते. ते सांगतात, त्या वर्षी संतांचा सण आणि मृतांचा दिवस दोन्ही घरात बसून गेले. कर्फ्यूत चर्चला जायचे कसे? त्यांच्या आईने २ तारखेला संध्याकाळी चुलीपाशीच मेणबत्ती लावली आणि घरातल्या मृतांची नावे घेतली. मग थोडे थांबून म्हणाली, समोरच्या सरदारजींच्या घरासाठीही एक आमचा पिता म्हणा. काकांना ते तेव्हा चमत्कारिक वाटले. सरदारजी जिवंत आहेत की नाहीत, तेही त्या संध्याकाळी गल्लीत कुणाला सांगता येत नव्हते. ते वाचले, पण दुकान विकून निघून गेले. काका म्हणतात, "त्या दिवशी रस्त्यावर मुखवटा कुणीच घातला नव्हता रे. सगळी ओळखीची तोंडं होती. भीती त्याचीच वाटली."

२०२४ मध्ये त्याला ४० वर्षे झाली. राजवाड्यापुढे रबरी मुखवटे विकणाऱ्या पोरांचा जन्म त्यानंतरचा, आमच्यातल्या निम्म्यांचाही. आम्ही गेल्या वर्षी त्याच चौकात उभे राहून "भिया, जरा और डरावना दिखाओ ना" म्हणत घासाघीस करत होतो.

याच तारखांच्या आसपास इंदूरला आणखी एक नाव मिळाले आहे, आणि ते आनंदाने घ्यावे असे आहे. सिस्टर रानी मारिया मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या आदिवासी कुटुंबांबरोबर काम करत, सावकारांच्या कर्जातून सुटायला त्यांना मदत करत. त्यामुळे काहींच्या डोळ्यांत त्या खुपू लागल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसने इंदूरला येत असताना वाटेत समंदर सिंग याने त्यांना भोसकून मारले. त्यांचे वय ४१ होते. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला आणि त्या कुटुंबाकडे मुलासारखा जाऊ-येऊ लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या त्याच आठवड्यात, इंदूरमध्ये कार्डिनल अँजेलो अमातो यांनी रानी मारिया यांना धन्य घोषित केले. समंदर सिंगही त्या सोहळ्याला आले होते. आमच्यातले काही जण त्या दिवशी मंडपात पाण्याचे जार उचलत होते. ज्याच्या हातांनी खून झाला, तो माणूस त्याच गर्दीत बसला आहे, हे कळल्यावर जार खाली ठेवून सगळे मागे वळून बघत राहिले होते.

हे सगळे वाचून झाल्यावर या वर्षी काय करायचे, हा प्रश्न उरलाच. बंदी घालणाऱ्यांचे आणि चालू द्या म्हणणाऱ्यांचे, दोघांचेही मन पुरते भरले नाही, पण ठरले ते असे.

पॅरिसच्या धर्मप्रांताने २००२ मध्ये 'होलीविन्स' नावाने मुलांना संतांच्या वेषात बोलवायला सुरुवात केली होती. ती कल्पना आम्ही उचलली. थोडी धास्ती होती, कारण मुलांना वाटेल आता पांढरे झगे घालून हात जोडून उभे राहायचे. पण संतांच्या कथा नीट सांगितल्यावर उलटेच झाले. स्वतःची कातडी हातावर घेऊन उभे असलेले संत बार्थोलोम्यू, तबकात डोळे घेऊन येणाऱ्या संत लुसी, आपलेच तुटलेले डोके हातात धरून चालणारे संत डेनिस, यांच्यापुढे व्हॅम्पायर काय चीज आहे! एका मुलाने आईची जुनी बेज रंगाची ओढणी कातडी म्हणून खांद्यावर टाकली. संत लुसी तीन आल्या, तिघींच्या तबकांत लिचीचे दोन दोन दाणे, डब्यातले. एक मुलगा मात्र सापळ्याचाच पोशाख घालून आला, कारण तो आधीच विकत घेतलेला होता. त्याला परत पाठवायचे का, यावर दोन मिनिटे कुजबुज झाली. मग एका सिस्टरने आठवण करून दिली, की चित्रांत संत जेरोम यांच्या मेजावर कवटी असतेच. तो पोरगा दिवसभर जेरोमशेजारी बसून राहिला.

शलजमाचे कंदील करायचे फार मनात होते. ऑक्टोबरात इंदूरच्या मंडईत मिळाले ते शलजम लिंबाएवढे. दोन पोखरले, बोट कापून घेतले आणि नाद सोडला. लाल भोपळा घेतला, त्याचा गर काढायला अर्धा तास गेला, आणि त्या गराचे घारगे करून मावश्यांनी सगळ्यांना वाटले. आत्म्यांच्या पोळ्या मिळाल्या म्हणायच्या.

सजावट राजवाड्याच्या बाजारातूनच आली, पण वेगळी. २०२४ मध्ये दिवाळी आणि हॅलोविन एकत्र आलेले. ३१ ला लक्ष्मीपूजन की १ ला, यावर शहरात वाद रंगला होता आणि बाजार आकाशकंदिलांनी भरला होता. आम्ही मुखवट्यांच्या गाड्या सोडून बांबूच्या काड्या, पांढरा पतंगी कागद आणि खळ घेतली. २७ तारखेच्या रविवारी मुलांनी बसून कंदील बांधले. वाकडे, तिरके, एकदोन तर उभेच राहीनात. अट एकच होती: प्रत्येकाने घरी जाऊन विचारून यायचे, आपल्या घरातले कोण कोण गेले, आणि ते नाव कंदिलावर लिहायचे. दुसऱ्या दिवशी आयांचे फोन आले. कुणी म्हणाली, पोराने पहिल्यांदाच त्याच्या पणजीबद्दल विचारले. एकीने सांगितले, जन्मताच गेलेल्या तिच्या पहिल्या बाळाचे नाव घरात आजवर कुणी उच्चारले नव्हते, ते मुलीने कागदावर लिहिले. काकांनीही एक कंदील मागून घेतला. त्यावर नाव नव्हते, फक्त १९८४ असे लिहिले होते.

२ नोव्हेंबरला संध्याकाळी दफनभूमीत मिस्सा झाली. पाडव्याचा दिवस, बाहेर चारही बाजूंनी फटाके. फादरांचे निम्मे शब्द ऐकू येत नव्हते, धूपाच्या वासात दारूचा वास मिसळत होता. मुलांनी आपापले कंदील आपापल्या थडग्यांवर नेऊन ठेवले. गेल्या वर्षीच्या आजी नातीबरोबर आल्या होत्या. नातीने कंदिलावर आजोबांचे दाखल्यावरचे नाव लिहिले नव्हते, घरातले लाडके नाव लिहिले होते, तेही मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत. आजींनी चष्मा सारखा करून ते वाचले, मग हाताने कंदिलाचा तिरका कोपरा सरळ केला.

शेजारच्या जुन्या थडग्यावरची अक्षरे पार पुसून गेली होती. त्याकडे बघत त्या नातीला म्हणाल्या, "ह्याला पण एक लाव गं." मेणबत्त्या तोवर संपल्या होत्या. आमच्यातला एक जण फाटकाबाहेर गेला आणि गाडीवाल्याकडून दिवाळीच्या उरलेल्या चार पणत्या घेऊन आला.